मोबाइलचीं दोन दारें

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत हिंगोली येथें घडलेली एक गोष्ट वृत्तपत्रांतून पुष्कळांनीं वाचली असेल. एका सरकारी नोकराच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचें निमंत्रण आलें. त्यांत ३० ऑगस्ट ही तारीख दिलेली असून खालीं लग्नपत्रिकेसारखी दिसणारी एक फाइल जोडलेली होती. पण ती पत्रिका नव्हती. तें एक ॲप होतें. त्या गृहस्थांनीं ती फाइल उघडली, आणि त्यांच्या खात्यांतून सुमारें १,९०,००० रुपये नाहींसे झाले.

असें वृत्त वाचून एखाद्या बापानें मुलाच्या हातांतील मोबाइल काढून घेतला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु ज्या विद्यार्थ्यास स्वतः ॲप लिहावयास शिकावयाचें आहे, त्यासही आपलें ॲप मोबाइलवर बाहेरूनच बसवावें लागतें. चोर ज्या दारानें आंत आला, त्याच्या शेजारींच कारागिराचें दार आहे. तेव्हां भिऊन दोन्ही दारांस खिळे ठोकावे, कीं गंमत म्हणून दोन्ही सताड उघडीं टाकावीं, असा हा प्रश्न नव्हे. कोणतें दार कोणासाठीं, केव्हां व किती वेळ उघडावें, हें समजून घेणें हाच खरा प्रश्न होय; व तेवढेंच या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ॲप मोबाइलमध्यें कसें येतें तें पाहूं. अँड्रॉइड ही गूगलची कार्यप्रणाली असून तिच्यावर चालणारा पहिला मोबाइल सन २००८ मध्यें विक्रीस आला. या प्रणालीसाठीं केलेलें ॲप एका गाठोड्यांत बांधलेलें असतें, व त्या गाठोड्यास एपीके म्हणतात. त्यांत ॲपच्या आज्ञा, चित्रें आणि त्यास कोणत्या परवानग्या पाहिजेत त्यांची यादी असते; शिवाय तें बांधणाराची सहीही असते. ही सही शाईची नसून गणिती असते. गाठोड्यांतील एखादी आज्ञा मागाहून कोणीं बदलली तर सही जुळत नाहीं, व मोबाइल तें गाठोडें नाकारतो. मात्र सही जुळली म्हणजे सही करणारा सज्जन ठरला असें नव्हे. चोरालाही आपल्या गाठोड्यावर आपली सही करतां येते.

ॲप घेण्याचा राजमार्ग म्हणजे प्ले स्टोअर. तेथें ठेवावयाचें ॲप आधीं तपासलें जातें. या राजमार्गाखेरीज आंत येण्याचीं आणखी दोन दारें आहेत: एक केबलीचें व दुसरें फाइलीचें. सामान्यतः नवा मोबाइल हातीं येतो तेव्हां हीं दोन्ही दारें बंद असतात. तीं उघडण्यास मालकाचेंच बोट लागतें, ही गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत धरावी.

आतां पहिलें दार. त्याचें नांव यूएसबी डिबगिंग. इंग्रजींत बग म्हणजे किडा. यंत्रांतील दोषास किडा म्हणण्याची चाल एकोणिसाव्या शतकापासूनच होती. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या संगणकाच्या एका रिलेंत खरोखरीचाच पतंग अडकलेला सांपडला, आणि तेथील लोकांनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत लावून ठेविला. आज्ञांतील असे किडे वेंचून काढणें म्हणजेच डिबगिंग.

या कामास मोबाइल व संगणक यांचा संबंध कां जोडावा लागतो, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका विद्यार्थिनीनें वडिलांच्या हळदीचा हिशेब ठेवण्यासाठीं संगणकावर एक लहानसें ॲप लिहिलें. वजन घातलें, भाव घातला, कीं रक्कम दिसावी. २५० किलो हळद आणि भाव क्विंटलास १२,००० रुपये धरला, तर उत्तर ३०,००० रुपये यावयास पाहिजे. पण ॲप ३०,००,००० रुपये दाखवितें. वडील हंसतात, मुलगी मात्र विचारांत पडते. मोबाइल केबलीनें संगणकास जोडलेला असेल, तर ॲप चालत असतां आंत काय घडतें त्याची नोंद संगणकाच्या पडद्यावर ओळीओळीनें उमटते. त्या नोंदींत वजन २५० व भाव १२,००० हे आंकडे सरळ गुणलेले दिसतात, आणि किलोचे क्विंटल करण्यासाठीं शंभरानें भागावयाचें राहिलें हें तिच्या लक्षांत येतें. एक ओळ दुरुस्त केली कीं नवें ॲप क्षणांत मोबाइलवर जाऊन बसतें. हें दार नसतें तर ही शिकवण फार संथ झाली असती.

तें उघडण्याची रीत अशी आहे. प्रथम मोबाइलच्या सेटिंग्जमध्यें शिरून ‘अबाउट फोन’ हें पान उघडावें. तेथें ‘बिल्ड नंबर’ अशी एक ओळ असते. सॅमसंगच्या मोबाइलांत ती ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ या पोटपानावर मिळते, आणि शाओमीच्या मोबाइलांत तिच्या ऐवजीं प्रणालीच्या आवृत्तीची ओळ वापरावी लागते. या ओळीवर लागोपाठ सात वेळां बोट टेकवावें. मोबाइल पडद्याचा गुप्तांक मागेल. तो दिल्यावर आपण आतां विकासक झालां, असा संदेश येतो. सात टिचक्यांनीं कोणी विकासक होत नाहीं हें खरें. परंतु सन २०१२ मध्यें निघालेल्या अँड्रॉइडच्या ४.२ या आवृत्तीपासून हीं कळसूत्रें अशीं झांकून ठेविलीं आहेत, तीं यासाठीं कीं सहज चाळा करणाराच्या हातीं तीं लागूं नयेत.

यानंतर सेटिंग्जमध्यें ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हें नवें पान दिसूं लागतें. तें बहुधा ‘सिस्टिम’ किंवा ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ याखालीं, अथवा यादीच्या शेवटीं असतें. त्यांतील ‘यूएसबी डिबगिंग’ हें एकच बटण चालू करावें. शाओमीच्या मोबाइलांत ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ हेंही वेगळें बटण असतें. बाकीच्या बटणांचा अर्थ कळेपर्यंत त्यांस हात लावूं नये.

संगणकावर अँड्रॉइड स्टुडिओ हें साधन फुकट मिळतें. त्याबरोबर येणाऱ्या एडीबी या लहानशा साधनाच्या नांवांतील शेवटच्या अक्षराचा अर्थ पूल असा आहे. संगणक व मोबाइल यांमधील पूल तो हाच. केबल मात्र माहिती वाहून नेणारी पाहिजे. कांहीं स्वस्त केबली केवळ विजेचा पुरवठा करतात, आणि त्यांच्या पायीं नवशिके विद्यार्थी आपल्या ॲपमध्यें नसलेला दोष घटका घटका शोधीत बसतात. विंडोज संगणकावर कधीं कधीं त्या मोबाइलचा ड्रायव्हरही बसवावा लागतो.

केबल जोडतांच मोबाइलच्या पडद्यावर एक प्रश्न येतो: या संगणकास डिबगिंग करूं द्यावें काय? प्रश्नाखालीं आंकडे व अक्षरें यांची एक लांब ओळ असते. ती त्या संगणकाच्या किल्लीची खूण, जणूं त्याच्या आंगठ्याचा ठसा. सन २०१३ च्या आरंभीं आलेल्या ४.२.२ या आवृत्तीपासून ही विचारणा सुरू झाली. पडद्याचें कुलूप उघडून मालकानें होकार दिल्यावांचून संगणकाचें कांहीं चालत नाहीं. संगणकावर ‘एडीबी डिव्हाइसेस’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली असतां जोडलेल्या मोबाइलची यादी मिळते. होकार दिलेला नसेल तर त्यापुढें परवानगी नसल्याचा शेरा दिसतो. होकार मिळाल्यावर ‘एडीबी इन्स्टॉल’ या आज्ञेपुढें गाठोड्याचें नांव दिलें, कीं ॲप मोबाइलवर बसतें.

या होकाराचें वजन ओळखावें. तो मिळालेला संगणक ॲप बसवूं शकतो व काढूं शकतो, सामायिक साठ्यांतील फाइली नेऊं शकतो, पडद्याचें चित्र घेऊं शकतो. म्हणून हा होकार आपल्या किंवा शाळेच्या ओळखीच्या संगणकासच द्यावा. आणि परक्या संगणकावर काम करावेंच लागलें तर ‘नेहमीं परवानगी’ या चौकटींत खूण करूं नये. अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे सन २०२० पासून, हेंच काम केबलीवांचून वायफायवरूनही करतां येतें. त्यावेळीं मोबाइल सहा आंकडी जोडसंकेत दाखवितो. तो संकेत दूरध्वनीवरून कोणी मागूं लागला, तर मागणारा चोर आहे असें खुशाल समजावें.

आतां दुसरें दार, फाइलीचें. कोणीं पाठविलेली एपीके फाइल मोबाइलवरच उघडून बसविणें म्हणजे या दारानें पाहुण्यास आंत घेणें. पूर्वीं ‘अननोन सोर्सेस’ असें एकच बटण असे. तें एकदां चालू केलें कीं कोणत्याही वाटेनें ॲप आंत येई. सन २०१७ मध्यें आलेल्या ८ व्या आवृत्तीनें ही रीत बदलली. आतां ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाइलींचें कपाट, अशा प्रत्येकास ती परवानगी निरनिराळी द्यावी लागते. लग्नपत्रिकेच्या फसवणुकींत चोर हेंच मालकाकडून गोड बोलून करवितो. आधीं फाइल उघडावयास लावतो. मग बसविण्याची परवानगी. मग लघुसंदेश वाचण्याची परवानगी. लघुसंदेश वाचतां आले कीं बँकेचा एकवेळचा गुप्तांक त्याच्या हातीं गेलाच. कांहीं ॲप्स अपंगांच्या सोयीसाठीं असलेली ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगी मागतात. ती दिली तर चोर पडदा वाचूं शकतो व मालकाच्या वतीनें बोटही टेकवूं शकतो. सन २०२२ मधील १३ व्या आवृत्तीपासून बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजीं देतां येत नाहीं. परंतु आग्रहानें देणारास कोण अडविणार?

पत्रिका चित्राची असते किंवा पीडीएफची असते. नांवाच्या शेवटीं एपीके हीं अक्षरें असलेली पत्रिका जगांत नाहीं. वाहतुकीच्या दंडाची पावती, बँकेची सूचना, सरकारी योजनेची यादी, यांनाही हाच नियम लावावा. कागद पाहण्यासाठीं ॲप बसवावें लागत नाहीं.

या दोन दारांतील भेद गूगलनेंही मानला आहे. अँड्रॉइडवर बाहेरून बसवावयाच्या ॲपच्या कर्त्यास आपली ओळख पटवून द्यावी लागेल, असें त्या कंपनीनें ऑगस्ट २०२५ मध्यें जाहीर केलें. परंतु स्वतः लिहिलेलें ॲप एडीबीच्या पुलावरून आपल्या मोबाइलवर बसवून पाहण्यास मोकळीक राहील, असेंही सांगितलें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, ज्या मोबाइलवर घरची बँक व पैशांची देवघेव चालते, तो मोबाइल या अभ्यासास देऊं नये. घरांत पडून असलेला जुना मोबाइल, सिमकार्ड काढून, या कामीं उत्तम. अनेक बँकांचीं ॲप्स डिबगिंग चालू असतां काम करण्याचें नाकारतात, तेंही याच कारणास्तव. जुना मोबाइल नसेल, तर अँड्रॉइड स्टुडिओंत संगणकाच्या पडद्यावरच खोटा मोबाइल उभा करतां येतो. मात्र त्यास संगणक जरा भक्कम लागतो.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, काम संपलें म्हणजे दार लावावें. डेव्हलपर ऑप्शन्समध्यें जाऊन आधीं दिलेले सर्व होकार ‘रिव्होक’ या बटणानें मागें घ्यावे, यूएसबी डिबगिंग बंद करावें, आणि शेवटीं त्या पानाच्या माथ्यावरील बटणही बंद करावें. शेतकरी विहिरीचें पाणी दिल्यावर मोट सोडून ठेवतो, बैल जुंपलेलेच ठेवीत नाहीं.

इतकी काळजी घेऊनही घात झालाच, तर लाजून गप्प बसूं नये. मोबाइलचें इंटरनेट तत्काळ तोडावें, दुसऱ्या मोबाइलवरून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार द्यावी, आपल्या बँकेस कळवून खातें थांबवावें आणि पोलीस ठाण्यांत नोंद करावी. पहिल्या कांहीं तासांत कळविलें तर पैसे वाटेंतच अडविले जाण्याचा संभव अधिक असतो. मुलाच्या हातून चूक घडली असेल तर आधीं हें करावें. रागावणें मागाहूनही करतां येतें. मारच्या भीतीनें मुलानें रात्रभर लपविलेली गोष्ट चोराच्या पथ्यावर पडते.

भीतीनें शिक्षणच बंद करावें, हा उपाय आम्हांस मान्य नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेची योजना असून, सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या या कामास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें संमति दिली. अशा ठिकाणीं येणाऱ्या मोजमापांचा अर्थ लावण्यास संगणकाच्या आज्ञा लिहिणारे व त्यांतील किडे वेंचणारे हात लागतात. ते हात या जिल्ह्यांतलेही असावे, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मुलांस हळदीच्या हिशेबाचें ॲप लिहूं द्यावें.

योहानाच्या शुभवर्तमानांत मेंढवाड्याचा दृष्टांत आहे. मेंढपाळ दारानें येतो आणि मेंढरें त्याचा आवाज ओळखतात; परक्याच्या मागें तीं जात नाहींत. मोबाइलचेंही तसेंच आहे. दार असणें हा दोष नव्हे. आवाज न ओळखतां दार काढणें हा दोष. आपण स्वतः लिहिलेल्या कामासाठीं तें आपल्या हातानें उघडावें, काम होतांच लावावें, आणि बाहेरून कोणी कितीही गोड हांक मारली तरी आधीं विचारावें: तूं कोण?