नव्या उद्योगाचे भांडवल : यंत्रापलीकडचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्याचा व्यापार मुख्यतः शेतमालावर उभा आहे. कापसाची बाजारपेठ म्हणून खामगाव प्रसिद्धीस आले आणि १८७० मध्ये जलंबपासून तेथवर रेल्वेचा फाटा पोहोचला. कापसाबरोबरच सोयाबीन व तूर ही आज जिल्ह्यातील महत्त्वाची पिके होत. या मालावर गावातच प्रक्रिया व्हावयाची, तर नव्या उद्योजकास आरंभीचे भांडवल कसे मिळते आणि ते कोठे अपुरे पडते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

राज्य शासनाने २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी व ग्रामोद्योग मंडळ यांच्याकडे त्याची अंमलबजावणी सोपविण्यात आली. उदाहरणादाखल ग्रामीण भागातील १० लाख रुपयांची डाळ गिरणी घेता येईल. कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारण गटातील अर्जदाराने १० टक्के, म्हणजे १ लाख रुपये स्वतःचे घालावयाचे. शासनाचे अनुदान २५ टक्के. उरलेला भार बँकेच्या कर्जाचा. महिला, अनुसूचित जाती व जमाती आदी विशेष गटांस स्वतःचे ५ टक्के पुरतात व अनुदान ३५ टक्के मिळते.

मात्र अनुदान म्हणजे हाती पडणारी रोकड नव्हे. ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने राहते आणि उद्योग चालू असल्याची खातरजमा झाल्यावरच कर्जखाती वळते होते. मध्येच गिरणी बंद पडली, तर अनुदान जाते आणि कर्ज मात्र राहते.

गिरणी बंद पडण्याचा धोका बहुधा यंत्रात नसून खेळत्या भांडवलात असतो. प्रकल्प खर्चात खेळत्या भांडवलास ३० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे वरील गिरणीस ३ लाख रुपये. तुरीचा भाव क्विंटलला ७,५०० रुपये धरल्यास त्यांत ४० क्विंटल तूर येते. गिरणी दिवसाला ४ क्विंटल तूर भरडीत असेल, तर हा माल दहा दिवसांत संपतो. तयार डाळ महिनाभराच्या उधारीवर विकल्यास उरलेले वीस दिवस गिरणी रिकामी राहते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

यावर साधे उपाय आहेत. आरंभी शेतकऱ्यांची तूर मजुरीने भरडून द्यावी. त्यात कच्च्या मालाचे पैसे गुंतत नाहीत. उधारीस मुदत बांधावी. यंत्राची क्षमता खेळत्या पैशाच्या मानाने ठरवावी. अर्जदारास मार्गदर्शन करणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अनुदानाच्या आकड्याआधी या दहा दिवसांचा हिशेब त्याच्याकडून मांडून घ्यावा. तो जुळला, तरच कर्ज उद्योगास आधार ठरेल.