शेतकऱ्याच्या खिशातील चाकू

शेतकीच्या औजारांविषयी लिहावयाचे म्हटले म्हणजे नांगर, वखर, तिफण आणि डवरा यांचीच नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात; अलीकडे त्यांत ट्रॅक्टर व फवारणीचे यंत्र यांची भर पडली आहे. परंतु ज्याचे वजन आठ-दहा तोळ्यांहून अधिक नाही, ज्यास बैल लागत नाहीत व डिझेलही लागत नाही, आणि तरी जे दिवसातून दहा वेळा हाती येते, त्या खिशातील घडीच्या चाकूविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ती उणीव आपल्या अल्प अनुभवाने भरून काढण्याचा आम्ही येथे यत्न करीत आहो.

आमची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. कारकुनाचा व चाकूचा संबंध फार जुना आहे. बोरूने लिहिण्याच्या काळी बोरूचे टोक तासण्याकरिता जो लहान चाकू दप्तरात ठेवीत, त्यास फारसीवरून ‘कलमतराश’ म्हणत. कलम म्हणजे लेखणी व तराश म्हणजे तासणारा. बोरू गेला, टाकही गेला, परंतु चाकू राहिला. आमच्या नोकरीत तो पेन्सिली तासण्यास, दप्तरांच्या सुतळ्या कापण्यास व टपाल फोडण्यास उपयोगी पडला. मराठीत मात्र ‘कलम’ या शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत : एक झाडाचे कलम व दुसरे कायद्याचे कलम. या तिन्ही कलमांशी चाकूचा संबंध येतो. पैकी पहिल्याची ओळख आम्हांस नोकरीने करून दिली. शेतातील उपयोग मात्र नुकसान सोसून शिकावा लागला. ती हकीकत पुढे येईल.

चाकू कसा असावा

शेतकऱ्याच्या चाकूचे पाते अडीच ते तीन इंचांचे पुरे. ते मुठीत मिटणारे असावे. मुठीच्या पाठीला एक पोलादी कमान असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून पाते उघडताना व मिटताना थोडा जोर लागतो व आपोआप ते हलत नाही. उघडल्यावर पाते अडकवून ठेवणारा खटका या चाकूस नसतो. रामपुरी म्हणून जो चाकू प्रसिद्ध आहे, त्याचे पाते उघडताच अडकते व खटका सोडविल्यावाचून मिटत नाही. तो प्रकार आपल्या कामाचा नाही. पाते पक्के अडकून बसण्याची गरज भोसकणाऱ्यास अधिक; सोलणाऱ्यास, चिरणाऱ्यास व खरवडणाऱ्यास ती फारशी पडत नाही. फ्रान्स देशातील सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा जो घडीचा चाकू काढला, त्यास पाते अडकविणारी कडी १९५५ साली प्रथम बसली. तोपर्यंत ६५ वर्षे तेथील शेतकऱ्यांचे काम तिच्यावाचून अडले नव्हते.

पोलाद दोन प्रकारचे मिळते. साध्या कार्बनच्या पोलादास धार लवकर लागते, परंतु संत्र्यालिंबाच्या रसाने ते काळे पडते व ओल राहिल्यास गंजते. स्टेनलेस पोलाद गंजास पुरून उरते. त्यास धार लावण्यास मात्र अधिक वेळ द्यावा लागतो. ज्यास रोज पुसून ठेवण्याची सवय आहे त्याने पहिले घ्यावे. ज्यास ती नाही त्याने दुसरे.

कपाशीच्या वावरात

आता आमच्या नुकसानीची हकीकत. आमची थोडी वडिलोपार्जित जमीन अकोट तालुक्यात आहे व ती आमचे वडील बंधू वाहतात. २०१७ सालच्या हंगामात आम्ही नोकरीत असून रविवारी तेवढे वावरात जात असू. पऱ्हाटी छातीएवढी झाली होती व झाडाला हिरवी बोंडे लगडली होती. आणेवारीचे कागद लिहिण्यात ज्याचा जन्म गेला, त्यास पीक नजरेने जोखण्याचा अभिमान असतोच. आम्ही धुऱ्यावर उभे राहून दादांस सांगितले की, यंदा पीक सोळा आणे आहे. जवळच आमचा जुना सालदार उभा होता. तो म्हणाला, “भाऊ, बोंड फोडून पाह्यलं काय?” आम्ही हसून वेळ मारून नेली. आमच्या सदऱ्याच्या खिशात त्या वेळी वीस वर्षे जुना चाकू होता व त्याने एकही बोंड कधी चिरले नव्हते.

तीन आठवड्यांनी कृषी सहायक आले. त्यांनी तोच चाकू मागून घेतला व निरनिराळ्या वीस झाडांची वीस बोंडे चिरली. अकरांत गुलाबी अळी निघाली. बोंडे बाहेरून जशी पूर्वी गोमटी दिसत होती तशीच दिसत होती. त्या वर्षी विदर्भातील बहुतेक कापूस-जिल्ह्यांत हीच स्थिती झाली. आमच्या वावरातील कापूस निम्म्याहून अधिक कवडी झाला; आणि त्याच हिवाळ्यात बोंडअळीच्या पंचनाम्यांचे तक्ते लिहिण्याचे काम आमच्याच हातांस आले. दादा त्याविषयी आम्हांस आजवर एक शब्दही बोलले नाहीत.

ही अळी बाहेरून का दिसत नाही, हे समजून घेतले पाहिजे. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. ती कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढताना तिचे शिरण्याचे छिद्र बुजून जाते. आत ती सरकी खाते व रुई डागाळते. फुलात ती असल्यास पाकळ्या गुंडाळल्यासारख्या होऊन ‘डोमकळी’ दिसते; परंतु बोंडात शिरल्यावर तिचा पत्ता बोंड फोडल्याशिवाय लागत नाही. आपल्या देशात बीटी कापसास २००२ साली व दोन जनुकांच्या बीटीस २००६ साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी अळीने दोहोंसही दाद देणे सोडले. म्हणून ‘बियाणे चांगले आहे, अळी येणार नाही’ हा भरवसा आता उरला नाही.

करावयाचे ते इतकेच. पात्या-फुले लागल्यापासून दर आठवड्यास वावराच्या चोहो भागांतून वीस झाडे निवडावी. प्रत्येक झाडाचे दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाचे, बाहेरून निरोगी दिसणारे एक हिरवे बोंड तोडावे व चाकूने चिरून पाहावे. बोंड भुईमुगाच्या शेंगेसारखे बोटांनी टिचविता येते, परंतु चाकूने प्रत्येक कप्पा नीट उघडतो व बारीक अळीही नजरेतून सुटत नाही. बोंड तळहातावर धरून चिरू नये. दगडावर किंवा फळीच्या तुकड्यावर ठेवून चिरावे. वीसांपैकी दोन अथवा अधिक बोंडांत अळी अगर किडीची खूण आढळल्यास उपाययोजनेची वेळ आली असे समजावे व कृषी विद्यापीठाने सांगितलेली फवारणी करावी. एकाही बोंडात अळी नसेल, तर शेजाऱ्याने पंप पाठीला लावला एवढ्यावरून आपण लावू नये. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरण्याजोगे नाही. जी फवारणी नको होती ती टळली, तर पैसा वाचतो व मजुराचा जीवही धोक्यात पडत नाही.

संत्र्याच्या बागेत

वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूरबाजार व इकडे अकोट या भागांतील बागवानांस दुसऱ्या कलमाविषयी आम्ही काय सांगावे? जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्याची कला शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतील कारागिरांच्या बोटांत आहे. डोळा भरण्याचा चाकू पातळ पात्याचा व त्याच कामास राखून ठेवलेला असावा. सुतळी कापलेला खिशातील चाकू तेथे वापरू नये. परंतु डोळा भरल्यानंतरची पुष्कळ कामे खिशातील चाकूची आहेत. कलम घेताना डोळ्याचा जोड जमिनीपासून सुमारे नऊ इंच उंच आहे की नाही हे पाहावे. डोळा फुटून वाढल्यावरही प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल, तर ती अलगद चिरून काढावी, नाहीतर खोड आवळले जाते. जोडाच्या खाली खुंटाला फुटणारे धुमारे व झाडावरील पानसोट कोवळे असतानाच काढावे.

डिंक्या रोगात चाकूचे काम अधिक नाजूक असते. खोडातून डिंक वाहू लागला म्हणजे सडलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत धारदार चाकूने खरवडावी, खरवडलेली साल गोळा करून जाळावी, जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने धुवावी व तीवर बोर्डो मलम लावावे. मलमाचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी असे आहे. एका झाडाचा चाकू दुसऱ्या झाडास लावण्यापूर्वी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून घ्यावा, नाहीतर रोग घालविण्यास निघालेला मनुष्यच रोगाचा वाहक होतो. काम संपताच पाते साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, कारण हे द्रावण पोलाद खाते.

बोर्डो मिश्रण फवारावयाचे असल्यास साध्या पोलादाचा चाकू परीक्षकाचेही काम करतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी यांचे मिश्रण तयार झाल्यावर घासून चकचकीत केलेले पाते त्यात थोडा वेळ बुडवावे. पात्यावर तांबूस पुट चढले, तर मोरचुदाचा अंश मोकळा राहिला आहे व अशा फवाऱ्याने पाने करपतील, असे समजून चुन्याची निवळी आणखी घालावी. पाते जसेच्या तसे राहिले म्हणजे मिश्रण उतरले. चाकू स्टेनलेस असल्यास त्याऐवजी लोखंडी खिळा घ्यावा.

जपण्याच्या गोष्टी

खटका नसलेल्या चाकूचा एकच नियम आहे : जोर नेहमी धारेच्या दिशेने द्यावा, टोकावर अगर पात्याच्या पाठीवर कधी देऊ नये. आम्ही एकदा ठिबकच्या नळीला भोक पाडण्याकरिता टोक रेटले. पाते उलट मिटले व तर्जनीस तीन टाके पडले. भोक पाडण्यास दाभण आहे, खुंटी काढण्यास पक्कड आहे. ती कामे चाकूकडून करवून घेऊ नयेत.

औषधाची पुडी ज्या चाकूने फोडली त्याने फळ किंवा कांदा चिरू नये. साबणाने धुतला तरी मनात शंका राहते. दोन स्वस्त चाकू ठेवावे व एकाच्या मुठीला लाल दोरा गुंडाळावा. निसण्यावर धार लावताना पात्याची पाठ दगडापासून दोन नाण्यांच्या जाडीएवढी उचललेली ठेवून दोन्ही बाजूंनी सारखे घासावे. पंधरा दिवसांतून एकदा खिळ्यात गोडेतेलाचा एक थेंब सोडावा. बोथट चाकूस जोर अधिक लागतो व निसटला म्हणजे तोच हात कापतो.

कायद्याचे कलम

तिसऱ्या कलमाविषयी थोडेसे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती अथवा शेतकी उपयोगाकरिता बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. व २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. आपला तीन इंची चाकू या मापाच्या फार आत राहतो. इंग्लंडात १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू सार्वजनिक जागी बाळगण्यास मोकळीक दिली, परंतु खटक्याने अडकणारा चाकू तेथील न्यायालयांनी त्या मोकळिकीत धरला नाही. तथापि आपला चाकू सर्वत्र चालतो असे मानू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश निघाला, म्हणजे चाकू तर राहोच, काठीही बाळगता येत नाही. निवडणूक, सण किंवा दंगा यांच्या दिवसांत अमरावती-अकोल्यास जाताना चाकू घरी खुंटीला ठेवावा. न्यायालयात नेऊ नये, विमानात जवळ बाळगू नये; आणि भांडणात तर खिशाकडे हातही जाऊ देऊ नये. औजार कोणत्या हेतूने हाती घेतले, हे कायदा पाहतोच.

आम्ही सेवानिवृत्त झालो तेव्हा दप्तर कचेरीत राहिले व चाकू घरी आला. आता दर सोमवारी सकाळी आम्ही व दादा वीस बोंडे तोडून धुऱ्यावर बसतो. दादा बोंड फळीवर ठेवतात, आम्ही चिरतो, आणि आकडा एका जुन्या वहीत मांडतो. सोळा आणे हा शब्द आम्ही पहिली वेचणी घरी येईपर्यंत उच्चारीत नाही. वाचकांनीही या हंगामात इतके करून पाहावे, ही विनंती.