पिलाताचा प्रश्न आणि आपला शेजारी

वाचन : योहान १८:१-११ व २८-४०, २ करिंथ. ४:१-६, प्रे. कृत्ये १७:१०-१२; अनुवाद १९:१४ व २५:१३-१६.

पवित्र शास्त्र हे देवाचे वचन आहे, आणि त्यात प्रगट झालेले सत्य सर्व काळी व सर्व लोकांसाठी सत्य आहे, असे आपण मानतो. मंडळीत बसून हे म्हणणे सोपे आहे. पण हेच शब्द गोव्यात, पेडणे किंवा डिचोली तालुक्यात, शेजाऱ्याच्या पडवीत बसून बोलावे लागले तर ते त्याच्या कानी कसे पडतील, याचा विचार आपण या पाठात करू.

डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तेथले देऊळ पाडले, तेव्हा लिंग नदीपलीकडे नार्व्यास नेण्यात आले. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. ही हकिकत त्या भागात कोणी विसरलेले नाही. गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० मध्ये बसले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. चुकीचा विश्वास धरल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली, त्यांची मालमत्ता जप्त झाली, कित्येकांना जाळण्यातही आले. सत्य एकच आहे, असे ते न्यायासनही म्हणत होते.

डिचोली, सत्तरी व पेडणे हे मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात १७८१ ते १७८८ या काळात आले. तोवर वारे बदलले होते. या नव्या काबिजादीतील लोकांच्या देवळांना व रीतिरिवाजांना हात लावणार नाही, असे अभिवचन राज्यकर्त्यांनी दिले. म्हणून तेथे जुनी देवळे टिकली, आणि कीर्तन, दशावतार व शाळा यांच्यायोगे मराठी घरोघर राहिली. आपले मराठी पवित्र शास्त्र तेथे भाषेमुळे कोणाला परके वाटणार नाही. परके वाटतात ते ‘एकमेव सत्य’ हे शब्द. त्यांना जुन्या धुराचा वास येतो.

हे रोमी बंधूंचे पाप, आपला काय संबंध, असे म्हणून आपली सुटका होत नाही. शास्त्राचा अधिकार मोठ्याने सांगणाऱ्या जिनेव्हा नगरातच १५५३ मध्ये सर्व्हेटस नावाच्या माणसाला त्रैक्याविषयीच्या मतांसाठी जाळण्यात आले.

मग काय करावे? आपल्यातले पुष्कळ तरुण आता सोपी वाट धरतात. शेजाऱ्याने विचारले की म्हणतात, ‘तुमचे तुम्हाला खरे, आमचे आम्हाला.’ हे ऐकायला गोड लागते आणि चहाही सुखाने होतो. पण प्रभू मेलेल्यांतून उठला की नाही, याचे उत्तर घराघरांत निराळे असू शकत नाही. उठला असेल तर ते सर्वांसाठी खरे, नसेल तर ते आपल्यासाठीही खोटे, आणि पौलाने करिंथकरांस हेच स्पष्ट लिहिले (१ करिंथ. १५:१४). शेजाऱ्याला असे गुळमुळीत उत्तर देणे म्हणजे त्याच्या प्रश्नाला किंमत न देणे होय.

योहानाचा अठरावा अध्याय नीट वाचा. बागेत पेत्राने तरवार काढून मल्खाचा कान कापला. सत्यासाठीच काढली होती. प्रभूने ती म्यानात घालायला लावली. पुढे पिलातासमोर प्रभूने सांगितले की आपले राज्य या जगाचे असते तर आपले सेवक लढले असते. आपण तर सत्याविषयी साक्ष देण्यासाठी आलो आहो. पिलाताने सत्य म्हणजे काय म्हणून विचारले व उत्तराची वाट न पाहता तो बाहेर निघून गेला. या प्रसंगात फटके मारविण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते पाहा. तो पिलाताकडे आहे, म्हणजे ज्याला सत्याची पर्वा नाही त्याच्याकडे. सत्य त्याच्यापुढे बांधलेल्या हातांनी उभे आहे, आणि तरी ते तिळभरही कमी खरे नाही.

गोव्याच्याच इतिहासात आणखी एक वाट दिसते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी हाती काही आले नव्हते. स्टीफन्सने त्यांची भाषा शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची मराठी आजही आदराने वाचली जाते, ते योग्यच आहे. तरी ते शास्त्र नव्हे, शास्त्रावरून रचलेले पुराण होते. ऐकणाऱ्याला मूळ वचन आपल्या भाषेत उघडून ताडून पाहण्याची सोय नव्हती. छापील मराठी नवा करार श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्ये काढला, म्हणजे तब्बल १९५ वर्षांनी.

ताडून पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. बिरुया येथील लोकांनी पौलासारख्या प्रेषिताचे बोलणेही दररोज शास्त्रात शोधून पाहिले, आणि लूक त्याबद्दल त्यांची स्तुती करतो. शास्त्राचा अधिकार याचा अर्थ उपदेशकाचा अधिकार असा नाही. उपदेशक, पाळक, पंच, आणि हा पाठ लिहिणारे आम्ही, सर्वांनी त्या वचनाखाली बसायचे आहे. जो स्वतः त्याखाली बसला त्याच्या हातून त्याची काठी होणे कठीण.

करिंथकरांस पौल लिहितो की आपण लाजिरवाण्या गुप्त गोष्टी टाकल्या, वचनात भेसळ केली नाही. सत्य उघड करून प्रत्येकाच्या सदसद्विवेकापुढे उभे राहिलो. येथे भेसळ हा शब्द आपण पुरता तपासावा. फीची मदत वा औषध देताना उपासनेला येण्याची अट मनात ठेवणे, ही तरवारीचीच धाकटी बहीण आहे. मदत करावी, जरूर करावी, आणि अट न घालता करावी.

आणि शेजाऱ्याचा सदसद्विवेक आपले काय पाहतो? डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी आहेत. २०१२ साली न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आल्यावर राज्यातले खाणकाम थांबविण्यात आले आणि ट्रकवर पोट असलेल्या घरांचे हाल झाले. पेडण्यात मोपा विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले; जमिनीला भाव आला आणि भावाबरोबर भांडणेही आली. अशा ठिकाणी अनुवादातील दोन आज्ञा फार जवळच्या वाटतात : थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नयेत, आणि शेजाऱ्याच्या सीमेची खूण सरकवू नये. काट्यावरची पावती खरी लिहिणारा आणि चुलतभावाचा वाटा सातबारासारख्या कागदातून न गाळणारा विश्वासी शास्त्राच्या अधिकाराविषयी बोलू लागला, तर लोक निदान ऐकून घेतात. ते मान्य करतीलच असे नाही. पौलाचेही सर्वांनी मान्य केले नाही.

मंडळाच्या बैठकीत योहान १८ मोठ्याने वाचावा. पिलाताचे बोलणे एकाने व प्रभूचे दुसऱ्याने वाचल्यास बरे. नंतर प्रत्येकाने, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याने आपल्याला शेवटचा कोणता प्रश्न विचारला व आपण काय उत्तर दिले, ते सांगावे. कोणीच कधी काही विचारले नसेल, तर ते का, यावर बोलावे.