तडा गेलेला एंजिनाचा ब्लॉक : ठेवावा की टाकावा ?

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडावा आणि कारागिराने “ब्लॉकला तडा गेला” असे सांगावे, यासारखा दुसरा घोर शेतकऱ्यास नाही. अशा वेळी दोन चुका सर्रास घडतात. कोणी घाबरून चांगला ब्लॉक भंगारात देतो व नव्यासाठी कर्ज काढतो. तर कोणी वरवर वेल्डिंग करून घेतो आणि ऐन हंगामात क्रँकशाफ्टसकट सारे एंजिन गमावून बसतो. तडा खरोखरच आहे काय, असल्यास नेमका कोठे आहे, आणि त्या जागेवर कसला ताण येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने मिळविली तर या दोन्ही चुका टळतात.

तडा का जातो ?

ट्रॅक्टरच्या एंजिनाचा ब्लॉक बहुधा बिडाचा असतो. बीड दाब उत्तम सोसते, परंतु ओढ सोसत नाही. ब्लॉकचा एक भाग तापलेला व दुसरा एकदम गार झाला की आकुंचनाने ओढ निर्माण होते व बीड तडकते. पाणी संपून तापलेल्या एंजिनात विहिरीचे गार पाणी ओतणे, हे आपल्याकडील मोठे कारण होय. जड पाण्याच्या क्षारांचा थर आत साचल्यास उष्णता बाहेर पडत नाही व एखादाच भाग अतिशय तापतो. थंड प्रदेशांत पाणी गोठून ब्लॉक फुटतो, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. महाराष्ट्रात हे कारण क्वचितच संभवते.

आधी खात्री करावी

बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, वंगणतेल दुधाळ होणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे व एंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसणे, ही तड्याची लक्षणे आहेत. परंतु हेडचे गॅस्केट जळाले किंवा हेडलाच तडा गेला, तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात. म्हणून केवळ लक्षणांवरून ब्लॉकला दोष देऊ नये. स्वस्त कारण आधी तपासावे व महाग कारण शेवटी.

तेलात पाणी आहे काय हे घरीच पाहता येते. एंजिन रात्रभर उभे ठेवावे व सकाळी चेंबरचा नट हळूच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते खाली बसते व आधी बाहेर येते. तेलाचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकल्यास व तो तडतडल्यास त्यात पाणी आहे असे समजावे. पाणी आढळल्यावर एंजिन मुळीच चालवू नये. पाणीमिश्रित तेलाने बेअरिंगे लवकर खराब होतात.

एंजिन खोलल्यावर संशयित जागा तारेच्या ब्रशाने स्वच्छ घासावी व तीवर रॉकेल लावावे. पंधरा-वीस मिनिटांनी ती कोरडी पुसून खडूची पूड पसरावी. तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर झिरपून पुडीवर ओली रेघ उमटते. आतील तडा मात्र याने सापडत नाही. त्यासाठी चांगल्या यंत्रशाळेत दाबाची चाचणी करून घ्यावी. पाण्याच्या वाटा पट्ट्या व रबर लावून बंद करतात, आत पाणी भरतात आणि दर चौरस सेंटिमीटरला २ ते ३ किलोंचा दाब काही वेळ देऊन पाहतात. गरम पाणी वापरणे अधिक चांगले, कारण काही तडे ब्लॉक तापल्यावरच उघडतात.

जागेवरून निर्णय

१. पाण्याच्या पोकळीची बाहेरील भिंत : येथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारणतः एक किलो किंवा त्याहून कमी असतो व एंजिनाचा भार या भिंतीवर फारसा येत नाही. असा ब्लॉक बहुधा दुरुस्त करून वापरता येतो.

२. सिलिंडरची भिंत : लायनर बदलता येण्याजोगा असून तडा त्यातच असेल, तर केवळ लायनर बदलावा, ब्लॉक चांगलाच आहे. लायनर नसलेल्या ब्लॉकमध्ये भोक मोठे करून नवा लायनर दाबून बसविता येतो, मात्र तडा वर किंवा खाली फार पसरलेला नसावा.

३. हेड बसण्याचा पृष्ठभाग : डिझेल एंजिनात जळणाच्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोंहूनही अधिक होतो. तो गॅस्केटला येथेच रोखावा लागतो. म्हणून या तड्याचा निर्णय उत्पादकाची मर्यादा पाहून अनुभवी यंत्रज्ञानेच करावा.

४. तेलाची मुख्य वाट व क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांच्या बैठका : बैठकांवर प्रत्येक ठोक्याचा भार येतो. तेथे तडा असल्यास ब्लॉक टाकून द्यावा. तेलाच्या वाटेतील तडाही सहसा दुरुस्तीयोग्य समजू नये.

दुरुस्ती कशी असावी ?

बाहेरील तड्याच्या दोन्ही टोकांस प्रथम लहान भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. नंतर एकमेकांत गुंतणाऱ्या आट्यांच्या खिळ्यांनी तडा ‘शिवून’ घ्यावा. या पद्धतीत उष्णता लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. गार ब्लॉकवर घाईने वेल्डिंग केल्यास टाक्याच्या शेजारी नवा तडा पडतो. वेल्डिंग करावयाचेच असल्यास ब्लॉक तापवून ते करावे व राखेत किंवा वाळूत हळूहळू निवू द्यावे. धातूची लांबी केवळ बाहेरील लहान तड्यास व कमी दाबाच्या जागी चालते. रेडिएटरमध्ये टाकावयाची गळतीबंद पूड हा घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे. तिने रेडिएटरच्या नळ्या तुंबतात. दुरुस्तीनंतर दाबाची चाचणी पुन्हा झाल्याखेरीज एंजिन जोडू नये.

खर्चाचा हिशेब करताना केवळ शिवण्याची मजुरी धरू नये. यंत्रकाम, गॅस्केट, तेल, वाहतूक व वाया जाणारे दिवस मिळवून बेरीज करावी व ती तपासलेल्या जुन्या ब्लॉकच्या किमतीशी ताडून पाहावी. जुना ब्लॉकही दाबाची चाचणी झाल्यावरच घ्यावा. एंजिनाचा क्रमांक बहुधा ब्लॉकवर कोरलेला असतो व तोच नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. म्हणून ब्लॉक बदलल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयातून नोंद दुरुस्त करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत एवढे तरी अवश्य सांगावे : रोज सकाळी गार एंजिनातच पाणी पाहावे, क्षार नसलेले पाणी व शीतकद्रव्य वापरावे, आणि एंजिन तापल्यास ते पुरते निवेपर्यंत ना झाकण उघडावे, ना गार पाणी ओतावे. बांधावर अर्धा-पाऊण तास थांबल्याने पेरणी बुडत नाही. ब्लॉक फुटल्याने मात्र ती बुडू शकते.