वृद्धापकाळ आणि प्रार्थना



अश्दोद असो, लोद असो वा दिमोना, आपली वृद्ध मंडळी सिनेगॉगमध्ये येईनाशी झाली की गुडघेदुखीचे कारण सांगतात. पण पुष्कळदा खरे कारण संकोच हे असते. अमीदा संपेपर्यंत उभे राहवत नाही, हिब्रू भरभर वाचता येत नाही, पाठ असलेले शब्दही मध्येच विसरतात. या तिन्ही अडचणींवर आपले शास्त्र काय सांगते, ते आज आपण पाहू.

पहिली अडचण शरीराची. १५६५ साली छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या ग्रंथात रब्बी योसेफ कारो सांगतात की, मन एकाग्र होत असेल तर आजारी मनुष्याने कुशीवर पडूनही प्रार्थना करावी. आजारपणामुळे शमा मनातल्या मनात म्हटला, तरी कर्तव्य पुरे होते.

दुसरी अडचण भाषेची. शमा, तफिल्ला व जेवणानंतरचा आशीर्वाद कोणत्याही भाषेत म्हणता येतो, असे मिश्नाच्या सोटा प्रकरणात (अध्याय ७) दिले आहे. तेव्हा शब्बाथच्या दिव्यापाशी आजी मराठीत जे मागणे मागते, तीही प्रार्थनाच आहे. परंपरा सांगते की, कोकणात आपल्या पूर्वजांजवळ ग्रंथ उरले नव्हते, पण शमा ओठी राहिला होता. एवढ्याशा शिदोरीवर समाज टिकला.

तिसरी अडचण स्मरणशक्तीची, आणि ती सर्वांत नाजूक. तलमूदच्या बेराखोत भागात (पान ८) बजावले आहे की, आपत्तीमुळे विद्या विसरलेल्या वृद्धाचा मान राखा. कारण मोशेने फोडलेल्या पाट्या आणि नंतरच्या अखंड पाट्या एकाच कोशात ठेवल्या होत्या. फुटल्या म्हणून त्या कोणी फेकून दिल्या नाहीत.

पिकल्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा (लेवीय १९:३२) येथील बसमध्येही लिहिलेली असते. ती वाचून आपण बसमध्ये वृद्धांना जागा देतो. सिनेगॉगमध्येही तशीच द्यावयास हवी. “आता तुम्ही घरीच बसा,” हे म्हणणे मायेचे वाटते, पण त्याने माणूस एकटा पडतो. त्यापेक्षा शब्बाथला त्यांना हात धरून आणावे, पान काढून द्यावे, शेजारी बसून शब्द सावकाश म्हणावेत. मिन्यानला नऊच जण जमले असतील, तर खुर्चीत बसून प्रार्थना करणारे आजोबा दहावे होतात, आणि त्यांच्यामुळेच सर्वांना कद्दीश म्हणता येते.

शालोम.