हायडन आणि 'सृष्टी'

वाचन : उत्पत्ती १:१-५; स्तोत्र १९

उत्पत्तीची पहिली पाच वचने आपल्या इतक्या परिचयाची आहेत की ती वाचताना आपण क्वचितच थांबतो. ऑस्ट्रियाचे संगीतकार योसेफ हायडन साठी उलटल्यावर त्या वचनांपाशी थांबले, आणि १७९८ साली 'सृष्टी' (क्रिएशन) हे त्यांचे ऑरेटोरिओ व्हिएन्नात प्रथम गायिले गेले.

त्यांचा जन्म १७३२ साली रोराऊ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके बनवीत. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायनवृंदात ते वाढले, पण आवाज फुटताच त्यांना तेथून निरोप मिळाला. पुढे एस्टरहाझी सरदारांच्या पदरी सुमारे तीस वर्षे गेली. तेथे नोकराचा गणवेश घालावा लागे. संसारातही सुख नव्हते. १७९१ साली लंडनमध्ये त्यांनी हँडेलची ऑरेटोरिओ ऐकली व त्यांचे मन हेलावून गेले.

हस्तलिखिताच्या आरंभी 'प्रभूच्या नावाने' व शेवटी 'देवाची स्तुती असो' असे लॅटिनमध्ये लिहिण्याची त्यांची रीत होती. 'सृष्टी' रचताना ते रोज गुडघे टेकून शक्ती मागत. काम अडले की जपमाळ घेऊन खोलीत येरझारा घालीत. ते रोमन कॅथलिक होते. जपमाळ ही आपली रीत नव्हे. पण अडलेले काम घेऊन देवाकडे जाण्याची सवय आपल्यापैकी कितीजणांना आहे?

ऑरेटोरिओच्या प्रारंभी शब्द नाहीत. वाद्ये जणू चाचपडतात. सूर विसाव्याला येतोसा वाटतो, आणि पुन्हा निसटतो. ही ती अंधारी, आकारहीन पृथ्वी. मग गायनवृंद अगदी हलक्या आवाजात वचन म्हणू लागतो आणि 'प्रकाश' या एका शब्दावर सारे कंठ व सारी वाद्ये पूर्ण जोराने उसळतात. स्तोत्र १९ च्या आधारे रचलेला समूहगानाचा भाग पहिल्या खंडाच्या शेवटी येतो.

२७ मार्च १८०८ रोजी व्हिएन्नाच्या विद्यापीठात 'सृष्टी' गायिली गेली, तेव्हा थकलेल्या हायडन यांना खुर्चीत बसवून आणले होते. 'प्रकाशा'पाशी टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी हात वर करून, हे माझे नव्हे, तेथून आले, असे सुचविले, असे सांगतात. भावना अनावर झाल्याने पहिल्या खंडानंतर त्यांना घरी न्यावे लागले. पुढच्याच वर्षी, ३१ मे रोजी, त्यांचे निधन झाले.

तरुणांच्या वर्गात ध्वनिमुद्रण मिळाल्यास प्रारंभीचा भाग आधी ऐकवावा. शास्त्रपाठ त्यानंतर वाचावा.