एकच झाड, तीन वास

दालचिनीचं झाड ओळखायचं तर पान चुरगळून नाकाशी धरायचं, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. गोव्यात हिलाच तिखी म्हणतात. पण नीट हुंगून बघा, पानाला वास येतो तो लवंगेच्या जवळचा! सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हे मुख्य द्रव्य असतं, पानाच्या तेलात युजेनॉल (लवंगेतही हेच) आणि मुळाच्या सालीत कापूर. झाड एक, माती एक, पाऊसही एकच, तरी वास तीन.

मग वास ठरवतं कोण? झाडाचा वंश की त्याची जागा? कुळागरात रोप लावणाऱ्यासाठी हा नुसता परीक्षेतला प्रश्न नाही. 'भरपूर तेलाचं वाण' म्हणून रोप घेतलं आणि चुकीच्या जागी लावलं, तर पैसे आणि तीन-चार वर्षं दोन्ही जातात.

आधी तेल कशासाठी असतं ते पाहू. दालचिनी मूळची श्रीलंकेच्या दमट जंगलातली. तिची भावंडं आपल्या सह्याद्रीतही आहेत. एकीचं तर शास्त्रीय नावच सिनॅमोमम गोएन्स. अशा ओल्या जंगलात कीड आणि बुरशी बाराही महिने असतात. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते पानांत आणि सालीत, खास पेशींमध्ये, उग्र द्रव्यं साठवतं. ती बनवायला लागणारा कच्चा माल उन्हातून तयार होणाऱ्या अन्नातून येतो. म्हणून ऊन, पाणी आणि माती बदलली की तेलाचा हिशेबही बदलतो.

पण कोणतं द्रव्य बनवायचं, हे मुख्यतः वंशच ठरवतो. दालचिनीच्याच कुळातलं कापराचं झाड घ्या. एकाच जातीची, दिसायला सारखी झाडं. पण काहींच्या तेलात कापूर जास्त, तर काहींच्या तेलात फुलांसारख्या वासाचं लिनालूल. खत घालून एकाचं दुसरं करता येत नाही.

जागा ठरवते ती मुख्यतः मात्रा आणि प्रत. श्रीलंकेत नेगोम्बोच्या आसपासच्या पांढऱ्या वाळूतली दालचिनी फार पूर्वीपासून उत्तम मानली जाते. याउलट पाणी साचणाऱ्या जमिनीत साल कठीण आणि कमी वासाची होते. आपल्याकडे पावसाला तोटा नाही, प्रश्न निचऱ्याचा आहे. कोवळ्या रोपाला सावली हवी. पण पुढेही माडा-पोफळीच्या दाट सावलीत राहिलं, तर वाढ मंदावते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पाण्याचा थोडा ताण पडला, तर अनेक सुगंधी वनस्पतींच्या पानांत तेलाचं प्रमाण वाढतं. म्हणून पाणी तोडावं का? एक काल्पनिक उदाहरण करू. नीट पाणी मिळालेल्या झाडाची १० किलो पानं निघाली आणि तेल १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅम. तहानलेल्या झाडाची पानं ६ किलो आणि तेल १.३ टक्के, म्हणजे ७८ ग्रॅम. टक्का वाढला, तेल घटलं! नुसता टक्का सांगून कोणी रोप विकत असेल, तर पुढचा प्रश्न विचारायचा: झाडामागे पाला किती आणि साल किती?

आता थोडं करून बघा. एकाच झाडाची उन्हातली पाच आणि सावलीतली पाच पानं घ्या. वय सारखं हवं, कारण कोवळ्या आणि जून पानांत फरक असतोच. मित्राला नुसते क्रमांक घालायला सांगा आणि कोणती कुठली हे न कळता हुंगा. दोन-तीन पानांनंतर नाक थकतं, म्हणून मध्ये थांबा. नाकाला टक्के कळत नाहीत. त्यासाठी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्लेव्हेंजर उपकरणावर पानं उकळून तेल मोजावं लागेल. पानांचं वजन आधी लिहून ठेवायला विसरू नका.

थोडक्यात, रोप घेताना मातृवृक्षाची चौकशी करा आणि लावताना जमिनीची. वाण चांगलं पण पाणी साचतंय, तर आधी चर खणा. रोप नंतर लावा.